पॅकिंगसाठी माणसे पाहिजेत

सोमवार, ५ फेब्रुवारी २००७

ही डायरी २००१ सालची. अंबरनाथची आमची कंपनी बंद पडायच्या आदल्या वर्षी साहेबांनी स्टाफला एकेक दिली होती. सहा वर्षं कोरी राहिली. काल सहज ताडून पाहिलं, तर २००१ आणि २००७ चे वार तंतोतंत जुळतात! एक जानेवारी तेव्हाही सोमवार, आताही सोमवार. मी बायकोला, शालनला, म्हणालो, "बघ, चांगला पुठ्ठा कधी वाया जात नाही." ती म्हणाली, "पुठ्ठ्याचं राहू द्या. आत काय लिहिणार?"

लिहिण्यासारखं घडलंय म्हणूनच तर काढली.

आज दुपारी किर्ती आली. ही माझी जुनी विद्यार्थिनी, मराठी टायपिंग चाळीसचा स्पीड. आता उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात कॉम्प्युटर जोडते. कुळगावातल्या माझ्या 'तक्षशिला टायपिंग इन्स्टिट्यूट'मधले बारापैकी नऊ टाईपरायटर भंगारात गेले आणि त्यांच्या जागी चार जुने कॉम्प्युटर आले, ते तिनेच आणून दिले. त्यांच्यात तिने 'वॉलनट' घातलंय. वॉलनट हे लिनक्सच्या घराण्यातलं. जगभरातली माणसं बिनपगारी काम करून ते चालवतात, आणि कुणीही ते घ्यावं, वापरावं, दुसऱ्याला द्यावं. मशीन चालू केलं की पडद्यावर एक अक्रोड फुटतो.

आणि त्यात मराठी कीबोर्ड अगदी टाईपरायटरसारखा! तीस वर्षं बोट जिथे पडत आलंय तिथेच अक्षर उमटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शालनला सांगितलं की कांदा चिरत होतीस म्हणून.

तर किर्तीने बातमी आणली ती अशी. वॉलनटचे नॉर्वेमधले मुख्य व्यवस्थापक ओलाफसाहेब यांचं ईमेल आलंय. मराठीची पॅकेजं, म्हणजे एकेक बांधून दिलेले प्रोग्राम, बघायला किर्ती एकटीच आहे, एवढ्यावर भागणार नाही. एक मेला जुनी आवृत्ती बंद होतेय; नव्या आवृत्तीत मराठी ठेवायची तर पाच पॅकेजं हवीत आणि पाच वेगळी माणसं, एकाच्या नावावर एकच. मुदत १४ एप्रिल, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसात. नाहीतर मराठी बाहेर.

मराठी बाहेर म्हणजे माझी चारही मशीनं मुकी. म्हणजे एक मेला मी शटर खाली ओढायचं आणि घरी बसून शालनच्या नजरेसमोर पेपर वाचायचा.

"सर, पाचमध्ये मी एक. तुम्ही दोन. बाकी तीन," किर्ती म्हणाली. "टेन्शन नका घेऊ, हो जायेगा."

मी कुठे घेतलंय टेन्शन! मला तर लग्न ठरल्यासारखं वाटतंय.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

परिपत्रक क्रमांक १ तयार केलं. उरलेल्या तीन टाईपरायटरांपैकी सर्वांत चांगल्यावर, दोन कार्बन घालून:

"सॉफ्टवेअर पॅकिंगसाठी माणसे पाहिजेत. घरबसल्या काम. अनुभवाची अट नाही. महिलांना प्राधान्य. रविवार दि. ११, सकाळी १०, बुद्धविहाराची अभ्यासिका. — शि. रा. पगारे"

शालनने वाचलं. ती स्वतः घरी पॅकिंगचंच काम करते, उल्हासनगरच्या एका शेठचं. पाऊचमध्ये टिकल्या, पिना, रबरबँड भरून वर पुठ्ठा मारायचा. म्हणाली, "अहो, पॅकिंग लिहू नका. बायका पिशव्या घेऊन येतील."

मी तिला समजावलं की पॅकिंग म्हणजे पॅकेजिंग, हा तांत्रिक शब्द आहे. 'महिलांना प्राधान्य' हे तर ओलाफसाहेबांच्या ईमेलमध्येच होतं. ती हसली आणि पिना मोजायला लागली. बायकोने मोजताना मध्ये बोलू नये, हे मी अनुभवाने शिकलोय.

रविवार, ११ फेब्रुवारी

बायका पिशव्या घेऊन आल्या.

एकवीस! मांजर्लीहून, सोनिवलीहून, कुळगावच्या चारी आळ्यांतून. कुणी गोण्या आणल्या होत्या. एक बाई तर हातगाडी ठरवून आली होती. मी बुद्धवंदना झाल्यावर उभा राहिलो, भाषणाला सुरुवात केली, "भगिनींनो, आज जगातलं ज्ञान मुक्त होत असताना..." आणि मागून आवाज आला, "माल कुठंय?"

बोलणाऱ्या होत्या सोनिवलीच्या कौसाबाई भोईर. साठीच्या आसपास, नऊवारी, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. "माल दावा आधी. आन डझनाला काय देताव?"

मी सांगितलं, माल दिसत नाही. आणि पैसेही नाहीत.

त्यानंतर जे झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. हातगाडीवाल्याला मी पदरचं भाडं दिलं.

सोळा बायका गेल्या. उरलेल्या पाच चहासाठी थांबल्या, कारण शालनने चहा टाकला होता. मग तिथेच कट्ट्यावर बसून शालन काहीतरी बडबडत होती, की पाऊचमध्ये जसा माल असतो तसा हा प्रोग्राम, वर चिठ्ठी की आत काय आहे, कुणी बनवला, कुणी भरला, आणि सोबत काय लागतं. कौसाबाईंच्या शेजारची विठा, तिशीतली, सोनिवलीचीच, पटकन म्हणाली, "म्हंजे आरसा टाकला का फणी टाकायचीच. नायतर शेठ परत धाडतो."

किर्ती उडालीच! "काकू, येस! डिपेंडन्सी! हेच तर माझ्या कॉलेजात कुणाला कळत नव्हतं!"

मी लगेच सूत्रं हाती घेतली आणि मुक्त ज्ञानावरचं राहिलेलं भाषण पूर्ण केलं. परिणाम: विठा आणि कौसाबाई दोघी तयार! परिपत्रक क्रमांक १ यशस्वी. एकूण चार. आता एकच राहिला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाला इंग्रजीत मेंटेनर म्हणतात. मराठी शब्द कोणता? मी 'परिरक्षक' सुचवला. विठाला उच्चारताच येईना. शालनने भाजी निवडता निवडता 'पालक' म्हटलं. मला वाटलं ती जुडीबद्दल बोलतेय. पण कौसाबाईंना शब्द पटला: "पोर आपला नसला तरी आपुन वाढवायचा. पालक." झालं, पालक मंजूर. इतिवृत्तात सूचक म्हणून मी माझं नाव घातलं, बैठक मीच बोलावली होती.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

पाचवाही मिळाला! प्रज्वल, बी.एस्सी. शेवटचं वर्ष, आमच्या मजल्यावरच राहतो. परिपत्रक क्रमांक २ त्याच्या दारावर लावलं होतं. तो म्हणतो काकूंनी सांगितलं म्हणून आलो. मुलगा नम्र आहे.

वाटणी झाली. किर्तीकडे अक्षरांचे फॉन्ट. माझ्याकडे अर्थातच टाईपरायटर कीबोर्ड. विठाकडे मराठी कॅलेंडर. प्रज्वलकडे शुद्धलेखन तपासायची शब्दयादी. आणि कौसाबाईंकडे बाराखडीचा खेळ. मी किर्तीला हळूच विचारलं, बाई दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकल्या, त्यांना कशाला? किर्ती म्हणाली, "सर, म्हणूनच." खरं आहे. कौसाबाईंनी पहिल्याच दिवशी चूक काढली. 'ण' ला बाणाचं चित्र आहे, पण बाणाचं टोक 'ब' कडे. पोरगं 'ब' च वाचणार. आम्ही शिकलेले चौघे तीनदा पाहून गेलो होतो, एकाला दिसलं नाही. फक्त 'ळ' चं कमळ त्या 'कमल' म्हणतात आणि आवाज त्यांचाच भरायचाय. तो वाद चालू आहे.

शालन हल्ली मंगळवार-गुरुवार दुपारी मांजर्लीला बहिणीकडे जाते. बरंच झालं, माझ्या कामात व्यत्यय नको. फक्त आज मेहुणीचाच फोन आला की ताई दोन महिन्यांत फिरकली नाही. मेहुणीची स्मरणशक्ती कमी होत चाललीय. वय झालं.

शुक्रवार, ९ मार्च

आज मी जागतिक कीर्तीचा माणूस झालो.

शुक्रवार, एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे अभ्यासिकेत गर्दी होती आणि सगळ्यांसमोरच किर्तीने ओलाफसाहेबांचं ईमेल वाचलं. मराठी शब्दयादीतल्या दोनशे बारा चुका शोधून दुरुस्त केल्याबद्दल एस. पगारे यांचे विशेष आभार! असं बारीक काम त्यांनी कुठल्याच भाषेत पाहिलं नाही म्हणे!

मी असं काही केल्याचं मला आठवत नाही. पण मशीनवर नोंद आहे: एस. पगारे, दुपारी दोन ते पाच, मंगळवार आणि गुरुवार. तेव्हा मी डुलकी घेतो. माणूस एखाद्या कामात इतका बुडतो की हातून काय होतं त्याचं भान राहत नाही, असं ऐकलं होतं. आता प्रचिती आली.

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. किर्तीने का कोण जाणे शालनकडे बघून वाजवल्या. मी विनयाने उत्तर पाठवलं: "आपले आजचे पत्र मिळाले. हे तर माझे कर्तव्यच." शालनला म्हटलं, ऐकलंस ना? ती म्हणाली, "ऐकलं. एस. पगारे फार हुशार दिसतायत." आणि पाणी प्यायला आत गेली.

एक किरकोळ बाब. इन्स्टिट्यूटच्या तिसऱ्या मशीनच्या कीबोर्डात टिकल्या सापडल्या. लाल, बारीक. विद्यार्थिनींना ताकीद दिली.

शनिवार, २४ मार्च

वर्ल्ड कपमुळे प्रज्वल गेला आठवडाभर गायब होता. काल रात्री भारत हरला, घरी परतल्यातच जमा. आज सकाळी नऊला प्रज्वल हजर! देशाचं नुकसान, मराठीचा फायदा. मी हे मोठ्याने बोललो आणि अभ्यासिकेतल्या चार पोरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी झेरॉक्स काढायला बाहेर पडलो.

प्रज्वल म्हणाला, "सर, माझं पॅकेज काकूंनीच केलंय जवळजवळ. मी नुसता बसतो." किती ती नम्रता!

रविवार, १ एप्रिल

आज माझ्या हातून फार वाईट झालं.

वॉलनटचा एक नियम आहे. प्रत्येक पालकाची एक किल्ली असते, मशीनमधली. तिने तो आपल्या पॅकेजवर सही करतो. आणि संघातल्या दोघांनी साक्ष द्यायची की आम्ही या माणसाला समोरासमोर भेटलो, फोटोचं ओळखपत्र पाहिलं, हाच तो. रजिस्टर लग्नाला साक्षीदार लागतात तसं. साक्षीदार किर्ती आणि मी.

किर्तीला दुकानात काम होतं. तिने फोनवर सांगितलं, "सर, मी येईपर्यंत सगळ्यांच्या फिंगरप्रिंट कागदावर घेऊन ठेवा."

मी इन्स्टिट्यूटमधून शाईचा पॅड नेला. जांभळी शाई, नवी भरलेली. विठाने हसत हसत अंगठा लावला. प्रज्वलने तर दहाही बोटं लावली. मग मी पॅड कौसाबाईंपुढे सरकवला.

त्यांनी पॅड परत माझ्याकडे सरकवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मना सही येते."

मी म्हणालो, "हो, पण यांना अंगठाच लागतो."

"माझ्या सासऱ्यानं आंगठा लावला सोनिवलीच्या जमिनीवं. त्यावं आज चार बिल्डिंगी उभ्या हायेत. मी साठाव्या वर्षी पाटी घेतली ती कशाला? तुमच्या कागदावं आंगठा लावाया?" आणि चपला घालून गेल्या. ट्रकच्या हॉर्नसारखा आवाज असलेली बाई, एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

अर्ध्या तासाने किर्ती आली. फिंगरप्रिंट म्हणजे किल्लीचा चाळीस अक्षरी आकडा असतो. बोटाशी त्याचा काही संबंध नाही. तिने पॅड पाहिला, कागद पाहिला, आणि कपाळावर हात मारला.

माझे वडील अंगठेबहाद्दर होते. मी मॅट्रिकला पास झालो तेव्हा त्यांनी माझी सही असलेला फॉर्म फ्रेम करून लावला होता. हे मी विसरलो कसा?

मंगळवार, ३ एप्रिल

काल माफीचं पत्र टाईप केलं. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की..." शालनने वाचून ते फाडलं. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं टायपिंग कुणी फाडलं. म्हणाली, "माझ्यासोबत चला."

सोनिवलीला कौसाबाई ओटीवर बसल्या होत्या. शालन त्यांच्या शेजारी बसली, दोघी बोंबील कसे वाळवले यावर बोलत राहिल्या. मी उभा. शेवटी मी म्हणालो, "कौसाबाई, चुकलं माझं. माझा बाप अंगठा लावायचा, तरी चुकलं."

त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. "पॅड हाय का?"

पिशवीत होता.

"लावा तुमचा आंगठा. कागदावं."

मी लावला. मग त्यांनी पेन मागितलं आणि माझ्या जांभळ्या अंगठ्याखाली, जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरत लिहिलं: 'समक्ष. कौसल्या हरी भोईर.' आणि इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या घरातली कोंबडी उडाली. कागद त्यांनी ठेवून घेतला. भिंतीवर लावणार म्हणाल्या.

संध्याकाळी किर्तीच्या देखत सगळ्यांच्या साक्षी पूर्ण केल्या. साक्ष देताना मशीन विचारतं: या व्यक्तीची ओळख तुम्ही किती काळजीपूर्वक तपासली? ० म्हणजे सांगणार नाही, १ म्हणजे अजिबात नाही, २ म्हणजे वरवर, ३ म्हणजे अगदी काळजीपूर्वक. मी सर्वांना ३ दिला. कौसाबाईंचं मतदार कार्ड तर मी दोन्ही बाजूंनी पाहिलं.

सोमवार, ९ एप्रिल

प्रज्वलला मालाडला कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. उद्यापासून रुजू, राहायला मामाकडे. पेढे दिले. मी पेढा तोंडात टाकल्यावर म्हणाला, "सर, पॅकेजवरून माझं नाव काढलंय. मी काहीच केलेलं नाही, माझं नाव लावणं बरोबर दिसत नाही." आणि पाया पडला. आशीर्वाद द्यायला तोंड रिकामं नव्हतं.

चार! पाच दिवसांत पाचवा माणूस कुठून आणू?

किर्ती माझ्याकडे कसंतरीच बघत म्हणाली, "सर, घरात विचारा ना."

बरोबर! घरोघर विचारायला हवं. उद्या सकाळपासून सुरुवात.

गुरुवार, १२ एप्रिल

तीन दिवसांत एकशे आठ घरं. निष्पत्ती: सात ठिकाणी चहा, दोन ठिकाणी ताक, एका ठिकाणी गळ्यात विमा पॉलिसी, आणि एका आजोबांनी मला जनगणनेचा माणूस समजून कुटुंबाची पूर्ण माहिती दिली. पालक शून्य. सगळे जयंतीच्या तयारीत आहेत, कुणाला वेळ आहे?

किर्तीला सांगितलं घर एकही सोडलं नाही. ती म्हणाली, "एक सोडलंत." कुठलं ते सांगेना. म्हणाली, शपथ घातलीय.

शुक्रवार, १३ एप्रिल

चार पॅकेजं रवाना. पाचव्याची आशा सोडली. शालनने विचारलं, "उद्याचा पांढरा शर्ट इस्त्री करू का?" मी म्हणालो, आता कशाला. ती म्हणाली, "जयंती आहे म्हणून."

चाललो होतो विसरायला बाबासाहेबांची जयंती! तीही एका अक्रोडापायी. एक मेला शटर. चला, पेपर तरी नीट वाचून होईल. शालनशेजारी बसून.

ती बराच वेळ दारात उभी होती. काही हवंय का विचारलं. "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणाली. मी म्हणालो, नाही.

रविवार, १५ एप्रिल

काल लिहायला जमलं नाही. आज क्रमाने लिहितो.

सकाळी विहारात वंदना, पुतळ्याला हार, दुपारी खीर. पाच वाजता मिरवणूक निघाली. पुढे लेझीम, मग हलगी, मग हरिचंद्रचा ट्रक. हरिचंद्र आमचा मंडपवाला. यंदा त्याने आठ स्पीकर आणि भलामोठा जनरेटर लावला होता. मागे बायका पांढऱ्या साड्यांत. कौसाबाईही आल्या होत्या, विठाला घेऊन. म्हणाल्या, सहीवाल्यांची जयंती आहे, मी नको का? सातला पाच कमी असताना सगळ्या आळ्यांची रोषणाई एकदम पेटली आणि त्याच क्षणाला डीपी उडाला. कुळगाव काळं, फक्त ट्रक चालू.

तेवढ्यात किर्तीने गर्दीतून माझा दंड धरला. "सर, बास झालं. शपथ गेली खड्ड्यात. पाचवं पॅकेज, शब्दयादीचं, तीन आठवडे तयार आहे. किल्ली आहे, माझी साक्ष आहे. फक्त तुमची साक्ष हवी."

"कुणाचं?"

"एस. पगारेंचं."

"अगं, मीच एस. पगारे!"

"तुम्ही शिवराम. ती शालन."

हलगी वाजत होती. लोक मला दोन्ही बाजूंनी ढकलत पुढे जात होते आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. मांजर्ली. मेहुणी. टिकल्या. दोनशे बारा चुका. 'हे तर माझे कर्तव्यच'. अरे देवा म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण मी म्हणालो.

शालन लेझीमच्या दुसऱ्या रांगेत होती. मी जाऊन पुढे उभा राहिलो. ती थांबली, घामाने भिजलेली. मी काय बोलावं? अठ्ठावीस वर्षांत सुचलं नाही ते भर मिरवणुकीत कुठून सुचणार. म्हणालो, "ओळखपत्र आहे का?"

तिने कमरेचा बटवा उघडला. मतदार कार्ड घडी केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं. प्रज्वल गेल्यापासून ती ते बटव्यात घेऊन फिरत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत का?"

सात वाजले होते. इन्स्टिट्यूट समोरच, पण लाईट कुठे? मी हरिचंद्रकडे धावलो, जनरेटरची वायर पाहिजे. तो वरून ओरडला, "सर, स्पीकर बंद केला तर पब्लिक मला तुडवेल!" शालन ट्रकच्या पायरीवर चढली. काय बोलली ऐकू आलं नाही. एवढंच ऐकलं, "...बाबासाहेबांनी शिका म्हटलंय, का नुसतं नाचा?" आठही स्पीकर गप्प झाले. क्षणभर सगळी आळी दचकली, आणि मग कौसाबाईंनी आवाज लावला, "अरं हलगी हाय ना! वाजव की!" हलगीने असा काही ठेका धरला की स्पीकरची कुणाला आठवण राहिली नाही. खिडकीतून वायर आत आली. अक्रोड फुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशाला ते माहीत नसताना.

सात वाजून बारा मिनिटं. मी खुर्चीत, शालन शेजारी स्टुलावर, किर्ती मागे, खिडकीच्या गजांना चेहरे. मतदार कार्ड हातात घेतलं. फोटो शाई पसरून पुसट झालेला, कुणाचाही वाटावा असा. नाव: शालन शिवराम पगारे. मी फोटो पाहिला, तिचा चेहरा पाहिला. उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे. हा कधी आला?

मशीनने विचारलं: या व्यक्तीची ओळख तुम्ही किती काळजीपूर्वक तपासली?

विठाला ३ दिला होता. प्रज्वललाही ३ दिला होता. बोट ३ वर गेलं आणि थांबलं. जी बाई दोन महिने माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये माझ्याच खुर्चीत बसून हजारो शब्द तपासत होती आणि मला पत्ता नव्हता, तिच्याबद्दल मी जगाला खोटं कसं सांगू? मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं ते लिहा."

मी २ दाबला. वरवर.

किर्ती मागून "सर!" म्हणाली. शालन मात्र हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कांदा कुठेच नव्हता.

तिने सही केली. पॅकेज निघालं. सात एकवीसला ओलाफसाहेबांकडून पोच आली: पाच मिळाले, मराठी आत! मी खिडकीतून ओरडलो, "मराठी आत!" आणि बाहेर काय समजले कोण जाणे, गुलाल उधळला. हरिचंद्रला वायर परत मिळाली, आठही स्पीकर एकदम सुरू झाले आणि माझ्या तिन्ही टाईपरायटरांच्या कळा आपोआप थरथरल्या.

मग किर्ती म्हणाली, पद्धत अशी आहे की साक्ष दोन्ही बाजूंनी होते. काकू आता सरांची देतील. शालनने माझं कार्ड मागितलंसुद्धा नाही. मशीनचा प्रश्न संपायच्या आत तिने ३ दाबला.

सोमवार, १६ एप्रिल

मिरवणुकीत बसलेला घसा अजून तसाच आहे. सकाळी कौसाबाईंचा निरोप आला, नव्या आवृत्तीत 'कमल' च राहणार, त्यांनी सही केलीय. दोन मुली टायपिंगला नाव घालायला आल्या. त्यांना पाटीवरचे पगारे सर नको होते, "दोनशे बारा चुका काढणाऱ्या मॅडम" कुठे बसतात असं विचारत होत्या. मी तिसऱ्या मशीनकडे बोट दाखवलं.

किर्तीला फोन करून विचारलं, दोनाचा तीन करता येतो का. "येतो की सर. पण तपासणी करावी लागेल. खरीखुरी."

दुपारी शालन इन्स्टिट्यूटमध्ये निघाली, उघडपणे, पदर खोचून. मी म्हणालो, थांब, आज चहा मी करतो. केला. कप भरले. मग साखरेचा डबा हातात घेऊन उभा राहिलो.

तिला किती चमचे लागतात, ते विचारावं लागलं. साखर ती चार वर्षांपासून घेतच नाही.

अजून दोनावरच आहे मी.